झाडं कुणाच्या नावावर

आम्ही गोव्यात बांदिवड्याजवळच्या त्या घरात राहायला गेलो तेव्हा अंगणात खड्डे होते. गडग्याच्या कडेनं ओळीनं, काही वीतभर, काही चांगले गुडघ्याइतके खोल. मे महिना होता. वरची तांबडी माती पावलांना चटके देत होती, पण खड्ड्यात हात घातला तर आत अजून गारवा होता, म्हणजे खणून फार दिवस झाले नव्हते. कडांवर कुदळीचे घाव, मधूनच अर्धवट तुटलेली मुळं, एका खड्ड्याच्या तोंडाशी अनंताची दोन-चार काळपट हिरवी पानं. घर दाखवायला आलेल्या मालकीणकाकी किल्ल्यांचा जुडगा सोडवता सोडवता म्हणाल्या, ‘‘आदल्यांनी झाडां व्हेलीं. तांचींच आसलीं न्हय.’’ आधीच्या भाडेकरूंनी आपली झाडं खणून नेली होती. काकींच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र राग आला. ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा माणसांचा राग. त्यांच्या झाडांवर माझा काडीचा हक्क नव्हता. अनंत दाखवून कुणी भाडं वाढवून मागितलं नव्हतं. तरी वाटत राहिलं, एक तरी ठेवायचं होतं.

मिरग लागला आणि खड्डे पाण्यानं भरले. रात्रभर त्यातून बेडूक ओरडत. नवऱ्यानं दोनदा म्हटलं की ट्रकभर माती आणून सरळ बुजवून टाकू. पण इथं ज्यानं एकदा तरी झाड लावायला जमीन खणली आहे त्याला खड्ड्याची किंमत माहीत असते. वरची हातभर माती संपली की खाली जांभा लागतो. मग कुदळ नुसती वाजते, पहार घ्यावी लागते, आणि अर्ध्या दिवसाच्या मेहनतीनंतर जेमतेम घागर मावेल एवढी जागा होते. इथं ओळीनं खड्डे तयार होते, तेही योग्य जागी. अनंताचा खड्डा सकाळचं ऊन येईल असा. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवरचा खड्डा केळीचा असणार. पायरीजवळचा, बहुतेक मोगऱ्याचा. त्या लोकांना घराचं ऊन-पाणी नीट कळलं होतं. आम्ही खड्डे बुजवले नाहीत, त्यांत झाडं लावली.

नर्सरीतून विकत आणलेलं झाड आमच्या अंगणात एकही नव्हतं, हे मी अजूनही थोड्या तोऱ्यात सांगते. जाई शेजारच्या आत्येकडची. तिच्या वेलाची एक लांब फांदी गडग्यावरून आमच्या बाजूला उतरली होती. तिनंच ती वाकवून मातीत दाबली, वर चिरा ठेवला आणि पावसाळाभर हात लावायचा नाही असा दम भरला. हळदीचे कंद सासरचे, कारण नागपंचमीच्या पातोळ्यांना हळदीचं पान बाजारातून आणायचं ही कल्पनाच सासूबाईंना सोसत नाही. पांढऱ्या चाफ्याची फांदी रस्त्याकडेच्या छाटणीतली, उचलून आणलेली. चीक वाळेपर्यंत ती व्हरांड्यात आडवी पडून होती, येणारा-जाणारा विचारायचा की हे लाकूड कशाला. अबोली देवळासमोर फुलं विकणाऱ्या बाईंनी दिली, वाळलेल्या कणसांच्या रूपात, कागदाच्या पुडीत. अबोलीची वाळकी कणसं ओली झाली की तडतडतात आणि बी लांब उडवतात. मी पुडी उघडून त्यांच्यावर चिमूटभर पाणी शिंपडलं आणि चटचट आवाज करत बिया खिडकीच्या गजांपर्यंत उडाल्या. नंतरची कित्येक वर्षं अबोली आम्ही लावली तिथं कमी आणि स्वतःला हवं तिथं जास्त उगवली. पायरीच्या फटीत. वृंदावनाच्या बुडाशी. पाटा ठेवायच्या जागेवर.

दोन माड मात्र मालकांचे. पाडेली यायचा, सरसर चढायचा, नारळ मोजून काकींच्या घरी जायचे, त्यातले दोन-तीन आमच्या पायरीवर ठेवले जायचे. याबद्दल कधी कुणाच्या मनात प्रश्न आला नाही. गोव्यात जमिनीवर राहणारा आणि जमिनीचा मालक हे दोन वेगळे असणं फार जुनं आहे. मुंडकार भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिला, माडांना पाणी घातलं, राखण केली, नारळ भाटकाराचे. मुंडकाराला घरातून काढता येऊ नये म्हणून 1975 मध्ये कायदा झाला. आम्ही अकरा महिन्यांच्या कराराचे भाडेकरू, आमचा त्या इतिहासाशी संबंध नाही. पण परक्या जमिनीत झाड लावताना मनात जे होतं ते बहुतेक सारखंच असावं. माणूस अगदी हिशेबानं राहत असतो, खिळासुद्धा विचारून मारतो, आणि फणसाची आठळी मात्र न विचारता पुरतो.

मग पर्वरीला आमचा स्वतःचा फ्लॅट झाला. चौथा मजला, एक बाल्कनी पूर्वेला, एक स्वयंपाकघरामागे, कपडे वाळत घालायची. ताबा मिळाला, मुलीची परीक्षा संपली, आणि सगळ्यांनी ठरवलं की मे महिन्यात जायचं. पावसाआधी. गाद्या भिजायला नकोत, कपाटं भिजायला नकोत, घाटातल्या चढणीवर टेम्पो रुतायला नको. सगळी कारणं बरोबर होती. आत्ये गडग्यापलीकडून म्हणाली, ‘‘पावस पडूं दी, मागीर काड गो.’’ तिचंही बरोबर होतं.

झाडांना मिरग हवा असतो आणि माणसांना मे.

झाड हलवणं म्हणजे खरं तर त्याचं तोंड पाण्यापासून तोडणं. मोठ्या मुळांनी झाड उभं राहतं, पण पाणी पितं ते टोकांकडच्या केसांएवढ्या बारीक मुळांनी, आणि खणताना नेमकी तीच मातीत राहून जातात. वर पानं पूर्वीइतकीच असतात, उन्हानं त्यांच्यातलं पाणी उडत राहतं, खालून भरपाई होत नाही. म्हणून जाणती माणसं दोन पावसाळे आधीपासून तयारी करतात. एका वर्षी झाडाच्या एका बाजूनं अर्धगोल चर खणायचा, मुळं कापायची, चर पालापाचोळ्यानं आणि मातीनं भरून ठेवायचा. तिथं बुंध्याजवळच बारीक मुळांचा झुबका तयार होतो. पुढच्या वर्षी दुसरी बाजू. मग तो गोळा गोणपाटात बांधून उचलला तर झाडाला कळतही नाही असं म्हणतात. कळत असणारच, पण सोसता येतं. आमच्याकडे होता जेमतेम महिना. तेवढ्यात जे जमतं तेवढं केलं. अनंताची फांदी थोडी सोलून ओलं शेवाळ बांधून गुटी बांधली, ती मेच्या उन्हात काळी पडली. मोगऱ्याची छाटणी केली, त्याची बाहेरची दोन खोडं मुळांसकट वेगळी काढली. जास्वंदीच्या काड्या सावलीत लावल्या. हळदीचा प्रश्नच नव्हता, ती मेमध्ये जमिनीखाली झोपलेली असते, कंद काढून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरले की झालं. अळूचंही तसंच. प्रवासाला निघालेल्या माणसाला हेवा वाटावा अशी ही मंडळी आहेत, सगळा संसार कंदात.

चर खणताना कुदळ जाईच्या मुळाला लागली, पांढरी आतली बाजू दिसली, आणि मला त्या आधीच्या भाडेकरूंची आठवण आली. इतकी वर्षं मी त्यांना हावरट समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा आत्येला विचारलं की ती माणसं कशी होती, का गेली. बदली आली होती, ती म्हणाली. पंधरा-वीस दिवस मिळाले. बाई रोज संध्याकाळी खणायची, अंधार पडेपर्यंत. अनंत चांगला पुरुषभर होता, त्याला उचलायला चार माणसं लागली. जगला का, मी विचारलं. कोण जाणे, आत्ये म्हणाली, मेमध्ये काढलेला अनंत.

म्हणजे त्यांनाही मे महिनाच मिळाला होता. ज्याच्या हातात दोन पावसाळे असतात तो फांदी वाकवतो, गुटी बांधतो, मूळ झाड जागेवर ठेवतो आणि त्याचं पोर घेऊन जातो. ज्याच्या हातात पंधरवडा असतो त्याच्यापुढे दोनच वाटा, सगळं उपटून न्यायचं किंवा सगळं सोडून जायचं. तिनं पहिली धरली. मी तिच्या जागी दुसरी धरली असती असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

टेम्पो म्हार्दोळवरून, मंगेशीवरून गेला. सामान हलवणाऱ्या ज्या कुणाला आम्ही विचारलं होतं त्यानं झाडांची हमी घ्यायला नकार दिला होता, त्यामुळे झाडांचा टेम्पो वेगळा, पाठीमागे मी, वर ओल्या गोणपाटांवर जुनी साडी घट्ट ताणून बांधलेली. उघड्या टेम्पोत झाडाला मारतो तो वारा. फोंड्याहून निघताना टवटवीत असलेलं झाड मांडवीचा पूल ओलांडेपर्यंत मान टाकू शकतं. मंगेशीच्या कमानीपाशी गर्दीत टेम्पो थांबला तेव्हा सहज मनात आलं की या भागातले बहुतेक मोठे देव बिऱ्हाड बदलून आलेले आहेत. मंगेश 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. पोर्तुगीजांच्या हद्दीतून नदीपलीकडे, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे. शाळेत हे आम्ही शौर्याची गोष्ट म्हणून ऐकलं. आता घर हलवताना मनात वेगळेच प्रश्न येतात. लिंग उचललं, मूर्ती उचलली, पण देवाला रोज वाहायची फुलं ज्या झाडांची होती त्यांचं काय केलं असेल? कुणी तरी एखादी काडी ओल्या फडक्यात गुंडाळून कनवटीला लावली असेल का? याची नोंद कुठं असणार. पण म्हार्दोळला श्रावणात जायांची पूजा होते तेव्हा देवीभोवती जाईच्या कळ्यांचा जो डोंगर उभा राहतो, त्याच्या वासात उभं राहिलं की ही शंका फार आगाऊ वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या भीतीनं देव हलले त्यांच्याच जहाजांतून आमच्या निम्म्या परसबागा आल्या. काजू ब्राझीलचा. अननस, पपई, पेरू, मिरची, सगळी अमेरिका खंडातली. आज काजूशिवाय गोव्याचा डोंगर डोळ्यांपुढे येत नाही, आणि खोला गावच्या मिरचीला तर इथल्या मातीची म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ऑर्ता 1534 मध्ये इथं आला. मूळचा ज्यू घराण्यातला, स्वतः एक प्रकारे पळून आलेला वैद्य. इथल्या झाडपाल्यावरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तो मेल्यावर 1580 मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मद्रोह शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. त्या बागेत बसून लोक भेळ खातात. मीही खाल्ली आहे.

झाडं आणि स्थलांतर म्हटलं की गोव्यात कुर्डीचा विषय निघतोच. साळावलीचं धरण झालं, सांगे तालुक्यातलं ते गाव 1986 मध्ये पाण्याखाली गेलं, सुमारे तीन हजार माणसं वाडे आणि वालकिणीच्या वसाहतींत गेली. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्यानं एकेक दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. त्याला वर्षं लागली आणि ती दिली गेली, हे चांगलंच झालं. दरवर्षी मेमध्ये पाणी ओसरतं, गाव वर येतं, लोक सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. एकदा मीही गेले होते. भेगाळलेली माती, घरांचे चौथरे, आणि ठिकठिकाणी झाडांचे बुंधे, वरून करवतलेले असावेत तसे सपाट, काळे. एक म्हातारे गृहस्थ नातवाला दाखवत होते: हा आमचा पणस, हा काकाचा, इथं माड होते. घराचा उंबरा त्यांनी पायानं चाचपून शोधला, झाडं मात्र लांबूनच ओळखली. देऊळ पुन्हा बांधता येतं कारण दगडाला घाई चालते, उशीरही चालतो. फणसाला तसं चालत नाही. नव्या वसाहतीत पहिल्या वर्षी सावली कशाची होती, हे मला त्यांना विचारायचं होतं. नातू फोटो काढून घ्यायला ओढत होता, राहिलं.

आणि आता पर्वरीला तर दाराशीच. उड्डाणपुलाच्या वाटेत येणारा खाप्रेश्वराचा वड 2025 च्या मार्चमध्ये हलवला गेला, देवासकट. लोक जमले, रडले, भांडले. फांद्या छाटून नुसतं खोड राहिलेला तो वड यंत्रानं उचलतानाचे व्हिडिओ त्या आठवड्यात गोव्यातल्या प्रत्येक फोनवर होते. माझं मत विचाराल तर मला नीट मत नाही. वड चिवट असतो, खोडाला पुन्हा मुळं फुटतात, तोडण्यापेक्षा हलवणं केव्हाही बरं. रस्ताही हवा, मी रोज त्याच कोंडीत उभी असते. पण मार्च. पुढे एप्रिल, पुढे मे. निविदेच्या कॅलेंडरात मृग नक्षत्र नसतं, एवढं मात्र मला खटकत राहतं.

फ्लॅटमध्ये आल्यावर पहिले दोन आठवडे झाडं स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत, दोरीवरच्या चादरींच्या सावलीत ठेवली. खत नाही, ऊन नाही, फक्त पाणी. सोसायटीचा नियम आहे की कठड्यावर कुंडी ठेवायची नाही आणि खालच्या मजल्यावर पाणी गळता कामा नये, त्यामुळे प्रत्येक कुंडीखाली ताटली. जाई पानं गाळून काडी झाली. नवरा म्हणाला गेली. मी नखानं साल खरवडली, आत हिरवं होतं, त्यालाही दाखवलं. पाऊस सुरू झाल्यावर तिला बुडातून पोपटी कोंब आले, पण फुलं आली ती मोजकी आणि बावरलेली. चौथ्या मजल्यावर रात्री वास वर जातो की खाली, कोण जाणे, घरात तर येत नाही. मोगरा मजेत आहे. हळदीला पानं आली, लहान आली, पातोळ्या बोटाएवढ्या झाल्या. सासूबाईंनी एक शब्द न बोलता खाल्ल्या आणि पुढच्या खेपेला स्वतःच पानांचा जुडगा घेऊन आल्या. अबोली मी मुद्दाम आणलीच नव्हती. तरी हळदीच्या मातीतून आली असावी, एका सकाळी कुंडीत तिची दोन पानं दिसली. सोसायटीनं तिच्यापुरता वेगळा नियम करावा लागेल.

चाफा तिथंच ठेवला. केळी, अनंत आणि जाईचा मूळ वेलही. वृंदावनातली तुळस तर हलवायचा प्रश्नच नसतो, मंजिऱ्या तेवढ्या चुरगाळून आणल्या. निघायच्या आधी काकींना विचारलं की यातलं काय चालेल, काय नको. त्या त्याच सुरात म्हणाल्या, ‘‘न्हय गो बाय, तीं झाडां तुजींच.’’ मग वाटलं की ज्यांना विचारायला हवं ते वेगळेच आहेत, आणि त्यांच्याकडून नव्या भाडेकरूंचा नंबर घेतला.

फोनवर आलेली मुलगी साताऱ्याकडची, नवऱ्याची वेर्ण्याला नोकरी. मी झाडांची यादी सांगायला लागले तशी ती जरा गोंधळली. झाडांबद्दल फोन येईल असं तिला वाटलं नसावं, तिनं वीजबिलाचा कागद काढून ठेवला होता. अनंताची फुलं तिनं कधी पाहिली नव्हती. चाफा दारात असावा की नसावा याबद्दल तिच्या आईचं काहीतरी म्हणणं होतं. मी मनात चाफ्याची बाजू मांडायला सुरुवात केली होती तेवढ्यात तिनं विचारलं, ‘‘ताई, कढीपत्ता आहे का हो?’’

आहे म्हटलं. न्हाणीमागे, चांगला डोक्याएवढा.

‘‘मग तेवढा ठेवा. बाकी तुम्हाला काय न्यायचं ते न्या, मला झाडांतलं फारसं कळत नाही.’’

ठेवते म्हणाले, आणि ठेवला. कढीपत्त्याच्या मुळांना बाजूनं पिल्लं फुटतात. त्यातलं एक मी मुळासकट काढून रंगाच्या डब्यात लावलं होतं आणि तो डबा टेम्पोत सगळ्यात आधी चढला होता. पण ते तिला सांगत बसले नाही. तिलाही कधीतरी कळेल, पिल्लं फुटतात म्हणून.